आखाची भाषा : मोटारीचे प्रशिक्षणपट आणि त्यांचे मराठी निवेदन

२००९ सालच्या उन्हाळ्यात पुतण्याच्या प्रवेशाच्या निमित्ताने बीड जिल्ह्यातील एका तंत्रशिक्षण संस्थेत जाण्याचा योग आला. कागदपत्रांची तपासणी लांबली, म्हणून व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होतो. अडगळीच्या खोलीचे दार उघडे होते. आत मोडकी बाके, शिकवण्यासाठी आडवे कापून ठेवलेले एक इंजिन आणि त्यामागे धुळीने माखलेले पत्र्याचे आठ-दहा गोल डबे दिसले. एका डब्यावर पांढऱ्या तैलरंगात लिहिले होते : ‘डिफरन्शियल – मराठी’. झाकण उघडल्याबरोबर शिर्क्याचा उग्र, आंबट दर्प आला. शिपाईमामा म्हणाले, ‘‘सर, पूर्वी हे पोरांना भिंतीवर दाखवायचे. आता मशीनच राहिली नाही.’’ पुढच्या वर्षी गुणपत्रिकेसाठी गेलो, तेव्हा खोली रिकामी करून तेथे संगणक मांडले होते. डबे भंगारात गेले होते.

त्याच संगणकांपैकी एकावर पुतण्याने मला मोठ्या कौतुकाने एक चित्रफीत दाखवली. डिफरन्शियल म्हणजे काय, हे सांगणारा १९३७ सालचा अमेरिकन पट. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. सत्तर वर्षांपूर्वी डेट्रॉइटमध्ये तयार झालेला हा पट बीड जिल्ह्यातल्या मुलापर्यंत विनासायास पोचला होता, आणि त्याच विषयाचा, त्याच्या मातृभाषेत बोलणारा पट त्याच खोलीतून वर्षभरापूर्वी भंगारवाल्याकडे गेला होता. या विसंगतीने मनात घर केले. मराठीच्या शिक्षकाला मोटारीच्या दातेरी चाकांशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु डब्यावरचा दुसरा शब्द आमच्याच प्रांतातला होता.

१

मोटार आणि चलच्चित्र ही जवळजवळ एकाच काळातली अपत्ये. फोर्ड कंपनीने १९१४ मध्येच स्वतःचा चित्रपट विभाग काढला होता आणि पुढे १९६३ मध्ये त्या विभागाचा संग्रह अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराला दिला. शेव्हरोलेसाठी डेट्रॉइटच्या जॅम हँडी संस्थेने तिसऱ्या-चौथ्या दशकांत असे असंख्य लघुपट काढले. संस्थेचा प्रवर्तक हेन्री जेमिसन हँडी हा १९०४ च्या ऑलिंपिकमध्ये पदक मिळवलेला जलतरणपटू. गिअर म्हणजे फिरती तरफ, हे समजावणारा ‘स्पिनिंग लीव्हर्स’ (१९३६) आणि पुतण्याने दाखवलेला ‘अराउंड द कॉर्नर’ (१९३७) हे त्यांतले दोन. इंग्लंडात शेल कंपनीने १९३४ मध्ये चित्रपट पथक उभारले. तरफेपासून दातेरी चाकापर्यंतचा प्रवास सांगणारा त्यांचा ‘ट्रान्स्फर ऑफ पॉवर’ (१९३९) अनुबोधपटांच्या इतिहासात मानाने उल्लेखिला जातो.

हे पट कोणी जपून ठेवण्यासाठी काढले नव्हते. नवे मॉडेल आले की जुना पट निरुपयोगी, असाच हिशेब होता. ते टिकले ते रिक प्रेलिंजर या गृहस्थाच्या छंदामुळे. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्याने शाळा, कारखाने, जाहिरात संस्था यांनी टाकून दिलेल्या रिळांचा संग्रह सुरू केला. अशा पटांना तो क्षणजीवी म्हणे. सुमारे ६० हजार पटांचा हा संग्रह २००२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतला. तत्पूर्वीच त्यातील निवडक पट इंटरनेट आर्काइव्हवर विनामूल्य पाहण्यासाठी ठेवले गेले होते. अनेक पटांच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण कोणी केले नव्हते, त्यामुळे कायद्याची आडकाठीही नव्हती. म्हणजे ज्या बेफिकिरीने ते फेकले गेले, त्याच बेफिकिरीने त्यांना पुढे मुक्त केले.

२

‘अराउंड द कॉर्नर’ची मांडणी पाहण्यासारखी आहे. आरंभी मोटारसायकलस्वार एका ओळीत वळण घेतात. ओळ सरळ ठेवायची तर बाहेरच्या स्वाराला आतल्यापेक्षा अधिक वेगाने जावे लागते. मोटारीच्या दोन चाकांचेही तेच. दोन्ही चाके एकाच आखाला घट्ट जोडली, तर वळणावर एक चाक घसटत जाईल. मग आख मधोमध तोडायचा आणि दोन्ही तुकड्यांना ताकद तर मिळावी पण आपापल्या वेगाने फिरण्याची मुभाही राहावी, अशी जोडणी करायची. पट हे साध्या आऱ्यांपासून सुरू करून पायरी-पायरीने दातेरी चाकांपर्यंत नेतो. दहा मिनिटांच्या आत डिफरन्शियल डोळ्यांसमोर उभे राहते.

पट पाहताना वाटले, हे आपल्याकडे सांगायचे तर मोटारसायकलस्वारांची गरजच नाही. खळ्यात तिवड्याभोवती पात धरलेली ज्याने पाहिली आहे, त्याला हे गणित ठाऊक असते. तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी फिरल्यासारखा संथ चालतो, कडेच्या बैलाला लांब टांगा टाकाव्या लागतात. आणि बैलगाडीत हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण तिचा आख स्थिर असतो आणि दोन्ही चाके त्यावर मोकळी, आपापली फिरतात. बैल गाडी ओढतात, ते चाक फिरवत नाहीत. मोटारीत इंजिन चाकालाच फिरवते, म्हणून अडचण येते आणि म्हणून डिफरन्शियल लागते. आख, आरे, तुंबा, धाव, वंगण या पाच-सहा शब्दांत शेतकऱ्याच्या मुलाला हे सारे सांगता येईल. ‘डिफरन्शियल – मराठी’ या रिळातल्या निवेदकाने ते असे सांगितले होते की नाही, हे ऐकण्याची संधी मी गमावली. निवेदन रटाळ, बोजड, भाषांतरिताच्या वासाचे असण्याचीही शक्यता आहे. पण तसे असले तरी तो पुरावा होता. यंत्र मराठीत कसे बोलवले गेले, याचा पुरावा.

३

काही करून दाखवणारा, ‘हे असे होते’ सांगणारा पट आपल्याला परका नाही. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली होती, आणि १९१७ च्या सुमारास चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा लघुपट काढला. त्याचा उरलेला तुकडा आज आपण पाहू शकतो. फाळके नटांना सूचना देताहेत, फिल्म तपासताहेत. मराठी माणसाने काढलेला हा बहुधा सर्वांत जुना उपलब्ध प्रशिक्षणपट म्हणावा लागेल. तो मूकपट आहे.

बोलणारे पट सरकारी आश्रयाने आले. युद्धकाळातील इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया बंद झाल्यावर १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली. चित्रपटगृहांत मुख्य खेळापूर्वी तिचे वृत्तपट आणि अनुबोधपट दाखवणे परवान्याच्या अटीनुसार बंधनकारक होते. आमच्या पिढीने तंबूतल्या टुरिंग टॉकीजमध्येही ते पाहिले आहेत. शेती, आरोग्य, धरणे, कारखाने, रस्त्यावरची शिस्त असे विषय. केंद्राच्या क्षेत्रीय प्रचार विभागाच्या गाड्या गावोगाव पडदा लावीत. या पटांचे निवेदन इंग्रजी-हिंदीखेरीज मराठीसह अनेक भारतीय भाषांत होत असे. बर्मा-शेलसारख्या तेल कंपन्यांनीही १९५० च्या दशकात भारतात चांगले अनुबोधपट काढवून घेतले. फिल्म्स डिव्हिजनच्या संग्रहात आठ हजारांहून अधिक पट जमले. २०२२ मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेले आणि पी. के. नायर यांच्या ध्यासाने वाढलेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही त्याच छत्राखाली गेले.

या साऱ्या व्यवहाराकडे मराठी समीक्षेने पाहिलेले नाही. निबंध, प्रवासवर्णन, आकाशवाणीवरील भाषण यांना आपण वाङ्मयप्रकार मानतो. पण दहा मिनिटांत, चित्राच्या लयीशी जुळवून, अल्पशिक्षित श्रोत्याला एखादी प्रक्रिया समजावणारे निवेदन हाही गद्याचा एक प्रकार आहे, आणि तो अवघड प्रकार आहे. त्यात अलंकाराला जागा नसते. शब्द चुकला तर कारागिराचे बोट जाऊ शकते.

४

बीडसारख्या जिल्ह्यात या गद्याची निकड अधिक होती. परळीला रेल्वेचा फाटा पूर्वीपासून आहे, पण बीड शहरात प्रवासी गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. तोपर्यंतचे सगळे दळणवळण चाकांवर आणि डांबरावर. निजाम राज्याच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. पुणे-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ ला मुंबई राज्याची पहिली एस.टी. धावली, तेव्हा बीड अद्याप हैदराबाद संस्थानात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९६१ मध्ये महाराष्ट्राचे परिवहन महामंडळ झाले. पुढे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांना पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात नेणारे ट्रक आणि ट्रॅक्टर हे या जिल्ह्याचे चित्रच बनले. गाडी घाटात बंद पडली की कोयत्यावर उचल घेतलेल्या कुटुंबाचा दिवस बुडतो. म्हणून इथल्या रस्त्यांवर, धारूरपासून गेवराईपर्यंत, गॅरेज ही शाळेइतकीच महत्त्वाची जागा राहिली आहे.

त्या गॅरेजची भाषा कोणती? येथे इतिहास तीन थरांचा आहे. पहिला थर उर्दूचा. हैदराबाद संस्थानात उच्च शिक्षणाचे आणि कारभाराचे माध्यम उर्दू होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठासाठी दारुल तर्जुमा या अनुवाद संस्थेने विज्ञान-तंत्रज्ञानाची उर्दू परिभाषा घडवली. देशी भाषेतून आधुनिक विद्या शिकवण्याचा तो एक मोठा प्रयोग होता, आणि त्या भाषेशी घरात संबंध नसलेल्या मराठी मुलावर तो लादलेलाही होता. त्या काळाचा मागमूस गॅरेजमध्ये उस्ताद, शागीर्द, पुर्जा अशा शब्दांत उरला आहे.

दुसरा थर शासकीय मराठीचा. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्था आल्या. महाराष्ट्र राज्याने १९६० मध्ये भाषा संचालनालय काढले आणि परिभाषा कोश सिद्ध होऊ लागले. फिटरला जोडारी, टर्नरला कातारी, वेल्डरला संधाता, वायरमनला तारतंत्री. या शब्दांची टिंगल पुष्कळ झाली. पण जोडारी आणि कातारी हे चांगले शब्द आहेत. त्यांना प्रमाणपत्रावर जागा मिळाली, तोंडात मिळाली नाही.

तिसरा थर तोंडातला. ‘पाटा तुटला’, ‘इंजिनाने एअर धरली’, ‘क्लचप्लेट गेली’, ‘गाडी तापली’, ‘पिकअप मेला’. इथे इंग्रजी नाम आणि मराठी क्रियापद यांचा संसार सुखाने चाललेला दिसतो. पाटा हा शब्द तर लाकूडकामातून आणि स्वयंपाकघरातून थेट ट्रकच्या खाली गेला. मिस्त्री हा पोर्तुगीज मूळ असलेला शब्द गवंड्याकडून मोटारीकडे आला. ही भाषा कोणत्याही कोशात पूर्णपणे आलेली नाही. मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तीत बैलगाडीचे शब्द सापडतात, आणि शिकागो विद्यापीठाने त्या कोशाचे डिजिटायझेशन केल्यामुळे ते घरबसल्या शोधताही येतात. ‘गावगाडा’ (१९१५) लिहून त्रिंबक नारायण आत्रे यांनी बलुतेदारांच्या व्यवहाराची भाषा राखली. मोटारगॅरेजला मात्र अद्याप कोणी आत्रे भेटलेले नाहीत.

मराठी निवेदनाचा प्रशिक्षणपट हा या तीन थरांच्या सीमेवरचा दस्तऐवज असतो. लेखनिकाला परिभाषा कोश पाळायचा असतो, निवेदकाला वाक्य तोंडात बसवायचे असते आणि समोर बसलेल्या मुलाला ते उद्या गॅरेजात वापरायचे असते. कोणता शब्द कुठे जिंकला, हे अशा ध्वनिपट्टीतच ऐकू येईल.

५

अंबाजोगाईच्या वाचकाला यात नवे काही वाटू नये. ब्रह्मविद्या मराठीत सांगता येते, हे परंपरेने शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ लिहून मुकुंदराजांनी दाखवले, असे आपण शिकवतो. पण माझ्या विषयाला त्यांच्यापेक्षा जवळचे आहेत ते दासोपंत (१५५१–१६१५). ‘गीतार्णवा’सारखा प्रचंड ग्रंथ लिहिणाऱ्या या कवीने पंचीकरणासारखा क्लिष्ट विषय सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद पासोडीवर सचित्र मांडला. पाच महाभूतांचे एकमेकांत मिसळणे नुसत्या ओवीने डोळ्यांसमोर येईना, म्हणून ते कापडावर काढून दाखवावे, अक्षर आणि आकृती शेजारी-शेजारी ठेवावी, ही शिक्षकाची बुद्धी आहे. लांबलचक पट्टी, तिच्यावर क्रमाने चित्र आणि त्यासोबत समजावणारा शब्द, हेच तर रिळाचेही स्वरूप. तुलना ताणण्याची गरज नाही. मात्र पासोडी आपण वाङ्मयेतिहासात नोंदवतो आणि रीळ भंगारात देतो, हा फरक आपल्या रुचीचा आहे, वस्तूंचा नव्हे.

दोन्ही वस्तू नश्वर आहेत. कापड विरते, फिल्म आंबते. त्या खोलीतला शिर्क्याचा दर्प हा त्या आंबण्याचाच होता. १६ मिलिमीटरची फिल्म आरंभापासून न पेटणाऱ्या अ‍ॅसिटेटवर निघत असे. तिला नायट्रेट फिल्मसारखी आग लागत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला लागलेली आग आपल्या स्मरणात आहे. अ‍ॅसिटेटचा मृत्यू सावकाश होतो. उष्णता आणि दमट हवा यांनी तिच्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटते, पट्टी आकसते, वेटाळते, ठिसूळ होते. एका डब्याचा वास शेजारच्या डब्याला लागतो, म्हणजे अक्षरशः संसर्ग होतो. मराठवाड्यातील मे महिना आणि पत्र्याचे छप्पर हे या रोगाला पोषकच.

उपाय ज्ञात आहे. रीळ स्वच्छ करायचे, फाटलेली छिद्रे सांधायची, मग एकेका चौकटीचे स्वतंत्र चित्र घ्यायचे. १६ मिलिमीटरच्या एका फुटात ४० चौकटी असतात. ४०० फुटांचे, साधारण अकरा मिनिटांचे रीळ म्हणजे १६ हजार चित्रे. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेसाठी शासनाने ५९७ कोटी रुपयांची तरतूद केली, आणि मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने २०१५ पासून हे काम शिकवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या आहेत. कायदाही आड येत नाही. आपल्याकडे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे राहतो. १९५० च्या दशकातील पट आता सर्वांचे झाले आहेत.

अडचण निराळी आहे, आणि ती आपल्या विषयाची आहे. बहुभाषी अनुबोधपटाची चित्राची मूळ निगेटिव्ह एकच असते. ध्वनीची प्रत्येक भाषेची वेगळी. चित्र वाचले, इंग्रजी वा हिंदी प्रत स्कॅन झाली की यादीत त्या पटापुढे ‘झाले’ अशी खूण पडते. मराठी ध्वनी ही दुय्यम प्रत ठरते. पडद्यावरचे चित्र तेच असल्याने काही हरवले आहे, असे कोणाला वाटतही नाही. जे फिल्म्स डिव्हिजनसारख्या मोठ्या संग्रहाबाबत संभवते, ते संस्थांच्या कपाटांतल्या सुट्या रिळांबाबत तर ठरलेलेच.

शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून शुद्ध पाठ सिद्ध केला, हे आपण पाठचिकित्सेच्या पहिल्या तासाला सांगतो. प्रत म्हणजे नक्कल नव्हे, प्रत म्हणजे साक्षीदार, हा त्या तासाचा सारांश. तोच न्याय इथे लावला पाहिजे. मराठी निवेदनाची प्रत हा स्वतंत्र पाठ आहे. तिची नोंद स्वतंत्र व्हावी, निवेदन शब्दशः उतरवून घ्यावे, त्यातल्या पारिभाषिक शब्दांची सूची व्हावी. हे काम फिल्म तंत्रज्ञाचे नाही. तो चौकटी वाचवील. शब्द कोणता होता आणि तो तसा का होता, हे मराठी विभागांनीच सांगायचे आहे.

६

गेल्या वर्षी पदव्युत्तर वर्गाला बोलीच्या प्रकल्पासाठी मी नेहमीचे विषय दिले नाहीत. प्रत्येकाने एका मिस्त्रीकडे जायचे, एक दुरुस्ती आरंभापासून शेवटपर्यंत पाहायची आणि तो शागीर्दाला काय सांगतो ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून जसेच्या तसे लिहून काढायचे. सोबत आणखी एक काम : आपल्या तालुक्यातील शाळा, संस्था, ग्रंथालये यांच्या अडगळीत गोल डबे आहेत का, विचारून यायचे. सापडलेच तर उघडून ठेवायचे नाहीत, उन्हातून हलवायचे, डब्यावरचा मजकूर उतरवून घ्यायचा आणि पुण्याच्या संग्रहालयाला पत्र लिहायचे.

डबे अजून एकही सापडलेले नाहीत. ध्वनिमुद्रणे मात्र तेवीस झाली. त्यांपैकी एकात साठी ओलांडलेले एक मिस्त्री क्राउन-पिनियन बदलत आहेत. शागीर्द विचारतो की वळणावर एक चाक जास्त कसे फिरते. मिस्त्री पाना खाली ठेवतात, क्षणभर थांबतात आणि म्हणतात, ‘‘पात कधी पाहिलीस का खळ्यावर?’’ मुलगा नाही म्हणतो. त्याने खळे पाहिलेले नाही, मळणी यंत्रावर होते. मग मिस्त्री त्याला आधी खळे समजावून सांगतात, आणि नंतर डिफरन्शियल. ध्वनिमुद्रण नऊ मिनिटांचे आहे. आम्ही ते शब्दशः उतरवले आहे.